प्लगचे तोंड बघा, इंजिनाचे दुखणे कळेल

रात्रीचे दोन वाजलेले. घरातल्या आजोबांना धाप लागली आहे, किंवा सुनेला कळा सुरू झाल्या आहेत. अंगणातली जुनी पेट्रोलची गाडी बाहेर काढायची तर ती नुसती खोकते, क्षणभर धरते आणि पुन्हा बंद पडते. धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यातील सास्तूरसारख्या गावात ही वेळ कोणत्याही घरावर येऊ शकते.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपात ज्या गावांवर सर्वांत मोठा आघात झाला, त्यांत किल्लारीबरोबर सास्तूरही होते. गाव पुन्हा वसले. भूकंपानंतर गावात 'स्पर्श' ग्रामीण रुग्णालय उभे राहिले आणि आजूबाजूच्या गावांचा मोठा आधार झाले. तरीही हृदयविकाराचे, मेंदूचे किंवा गुंतागुंतीच्या बाळंतपणाचे रुग्ण पुढे लातूरला किंवा सोलापूरला न्यावे लागतात. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका हा पहिला पर्याय. ती दुसऱ्या रुग्णाला घेऊन गेलेली असेल, तर अंगणातली गाडी हीच घरची रुग्णवाहिका ठरते.

त्या गाडीचा भरवसा बोटाएवढ्या तीन-चार वस्तूंवर असतो. त्यांना आपण नुसते 'प्लग' म्हणतो. सास्तूर, माकणी, लोहारा या पट्ट्यात गाडीची किरकोळ सर्व्हिसिंग घरच्या अंगणातच उरकणारे बरेच जण असतात. ऑइल बदलणे, एअर फिल्टर झटकणे, प्लग काढून पुसणे ही कामे अनेकांना येतात. मात्र प्लग पुसून परत बसवणे आणि प्लग तपासणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ताप आला की गोळी घेऊन तो उतरवणे आणि ताप का आला हे शोधणे यांत जेवढा फरक, तेवढाच यांतही आहे.

दोन तासांत दीड लाख ठिणग्या

पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण सिलिंडरमध्ये दाबले जाते आणि नेमक्या क्षणी त्यावर ठिणगी पडते. ठिणगी पाडण्याचे काम प्लगचे. बॅटरी १२ व्होल्टची असते, पण कॉइल त्याचे १५ ते ३० हजार व्होल्ट करून प्लगकडे पाठवते. हा दाब मधल्या इलेक्ट्रोडवरून बाजूच्या वाकड्या इलेक्ट्रोडवर उडी मारतो. त्या दोघांमधली फट जेमतेम एक मिलिमीटर. मधला पांढरा चिनीमातीसारखा भाग हा अॅल्युमिनियम ऑक्साइडचा असतो. वीज बाहेर फुटू नये आणि प्रचंड उष्णता सोसावी, म्हणून तो आहे. उच्च दाबाच्या मॅग्नेटोबरोबर चालणारा व्यवहार्य प्लग रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यातील अभियंता गॉटलोब होनोल्ड यांनी १९०२ मध्ये तयार केला. मूळ रचना आजही तीच आहे.

कष्टाचा हिशेब करून पाहा. इंजिन मिनिटाला २५०० फेरे घेत असेल, तर चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक प्लग दोन फेऱ्यांना एकदा, म्हणजे मिनिटाला १२५० वेळा ठिणगी देतो. दोन तासांच्या प्रवासात एका प्लगच्या दीड लाख ठिणग्या होतात. माणसाचे हृदय मिनिटाला ७२ ठोक्यांच्या हिशेबाने पूर्ण दिवसात एक लाखाच्या थोडे वर जाते. म्हणजे सोलापूरला पोहोचेपर्यंत प्लगने हृदयाच्या दिवसभराच्या कामापेक्षा जास्त काम केलेले असते. हृदयाचा ठोका चुकला तर छातीत धडधड जाणवते. प्लगचा ठोका चुकला तर गाडी 'मिसिंग' मारते.

दुखणे प्लगचेच आहे का?

प्लग खराब होत आला की गाडी काही खुणा दाखवते. सकाळी थंड असताना उशिरा चालू होणे, उभ्या गाडीत इंजिन थरथरणे, चढावर किंवा ओव्हरटेक करताना पिकअप न घेणे, पेट्रोल जास्त खाणे, सायलेन्सरमधून कच्च्या पेट्रोलचा वास येणे, या त्या खुणा. नव्या गाडीत डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. तो स्थिर असेल तर लवकर तपासून घ्यावे. तो लुकलुकत असेल तर इंजिन जोरात मिसफायर करत आहे असे समजावे, वेग कमी करावा आणि शक्य तितक्या लवकर गाडी थांबवावी.

याच खुणा फाटलेल्या प्लग-वायरीमुळे, कमजोर कॉइलमुळे, तुंबलेल्या इंजेक्टरमुळे किंवा उतरलेल्या बॅटरीमुळेही दिसतात. डॉक्टर खोकला ऐकून लगेच क्षयरोगाचे औषध देत नाही, तसे थरथर जाणवली म्हणून लगेच चार प्लग विकत आणू नयेत.

आणखी एक गोष्ट आधीच पाहावी. गाडी डिझेलची असेल तर तिच्यात स्पार्क प्लग नसतातच. डिझेल दाबामुळे तापलेल्या हवेत आपोआप पेटते. त्या इंजिनात असतो तो ग्लो प्लग, म्हणजे हिटर. त्याचे काम थंडीत इंजिनाला सुरुवातीची ऊब देण्याचे. पुढचे सगळे पेट्रोल, एलपीजी आणि सीएनजी गाड्यांबद्दल आहे.

पाना लावण्याआधी

इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. बहुतेक गाड्यांचे हेड अॅल्युमिनियमचे असते. गरम हेडमधून प्लग काढला तर आटे ओरबाडले जातात आणि शंभर-दोनशे रुपयांचे काम काही हजारांवर जाते. भाजण्याचा धोका तर आहेच. रेडिएटरचे झाकणही गरम असताना उघडू नये. उसळलेल्या पाण्याने तोंड आणि छाती भाजलेले रुग्ण उन्हाळ्यात हमखास येतात.

चावी बंद करून बाजूला ठेवावी. प्लगच्या वायरीत किंवा कॉइलमध्ये उच्च दाब असतो. इंजिन चालू असताना वायर उपसून 'ठिणगी येते का' हे पाहण्याची जुनी सवय सोडावी. नव्या गाडीत त्याने कॉइल जळू शकते, पेट्रोलच्या वाफेला आग लागू शकते आणि बसलेल्या झटक्याने हात उडून पंख्यात जाऊ शकतो. ज्यांच्या छातीत पेसमेकर बसवलेला आहे, त्यांनी चालू इंजिनाच्या कॉइलवर वाकून उभे राहू नये.

प्लगभोवतीच्या खळग्यात धूळ, खडे, वाळलेली पाने साचतात. ती आधी हवेने उडवावीत आणि उडवताना डोळ्यांवर चष्मा असावा. नाहीतर प्लग निघाला की तो खडा थेट सिलिंडरमध्ये पडतो. एका वेळी एकच प्लग काढावा, म्हणजे वायरींची अदलाबदल होत नाही. काढलेले प्लग १, २, ३, ४ अशा क्रमाने कागदावर मांडून ठेवावेत. प्लगवाल्या पान्यात रबर असते. ते प्लग घट्ट धरते, म्हणून साध्या पान्याने काढण्याचा आटापिटा करू नये.

रंग वाचायचा तो असा

आता प्लगचे टोक उजेडात धरा. डॉक्टर 'जीभ दाखवा' म्हणतो ना, तसेच हे.

फिकट तपकिरी किंवा राखाडी: प्रकृती उत्तम. मिश्रण बरोबर, जळण पूर्ण, प्लगचा प्रकार योग्य.

कोरडी काळी काजळी, बोटाला लागणारी: पेट्रोल जास्त, हवा कमी. चुलीत ओले लाकूड घातले की भांड्याचे बूड काळे होते, तेच इथे. तुंबलेला एअर फिल्टर, जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत अडकलेला चोक, बिघडलेला सेन्सर किंवा कमजोर ठिणगी ही कारणे. गाडी फक्त घर ते बसस्थानक अशी रोज दोन किलोमीटर धावत असेल तरीही असे होते. प्लगचे टोक सुमारे ४५० अंश सेल्सियसच्या वर गेले की काजळी स्वतःच जळून जाते. छोट्या फेऱ्यांत ते तेवढे तापतच नाही.

ओला, चकचकीत, तेलकट काळा: सिलिंडरमध्ये इंजिन ऑइल येत आहे. पिस्टन रिंग झिजल्या असतील किंवा व्हॉल्व्हची सील गेली असेल. सायलेन्सरमधून निळसर धूर येतो का आणि ऑइलची पातळी उतरते का, हे पाहावे. इथे नवा प्लग काही दिवसच टिकेल. दुखणे खाली इंजिनात आहे.

ओला, पेट्रोलचा वास: त्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडतच नाही, किंवा चालू करताना वारंवार स्टार्टर मारून पेट्रोल साचले आहे.

पांढराफटक, फोड आल्यासारखा: प्लग फार तापतो आहे. मिश्रणात पेट्रोल कमी, कूलिंगमध्ये दोष, टायमिंग चुकलेले, प्लग सैल बसलेला किंवा चुकीच्या प्रकारचा, यांपैकी काहीतरी. टोक साधारण ८५० अंशांच्या बरेच पुढे गेले तर ठिणगीआधीच मिश्रण पेटू लागते आणि पिस्टनला भोक पडण्यापर्यंत पाळी येते. टोक वितळलेले दिसले तर गाडी पुढे चालवू नये.

गोल झिजलेले टोक, रुंदावलेली फट: म्हातारपण. रंग चांगला असला तरी बदलावा.

तडा गेलेली पांढरी चिनीमाती: प्लग हातातून पडला असेल, पाना तिरका बसला असेल किंवा इंजिन 'नॉकिंग' करत असेल. तडा गेलेला प्लग पुसून वापरू नये.

पांढऱ्या भागावर, षटकोनी धातूच्या लगेच वर, कधी तपकिरी कडे दिसते. ते पाहून अनेक जण गॅस गळतो आहे असे समजतात. बहुतेक वेळा उच्च दाबाच्या विजेमुळे तेलाचे आणि धुळीचे कण तिथे चिकटून झालेला तो डाग असतो. त्याने काही बिघडत नाही.

खरी मेख तुलनेत आहे. चारही प्लग सारखेच काळे असतील तर दोष सगळ्यांच्या वाट्याचा, म्हणजे एअर फिल्टर, सेन्सर किंवा कार्बोरेटरचा. एकच काळा आणि बाकीचे ठीक असतील तर दोष त्या एका सिलिंडरचा. अशा वेळी तो प्लग शेजारच्या जागी लावून पाहावा. दुखणे प्लगबरोबर सरकले तर प्लग दोषी. जागच्या जागी राहिले तर वायर, कॉइल, इंजेक्टर किंवा सिलिंडर. एवढी एक परीक्षा केली, तरी दुकानातला निम्मा अनावश्यक खर्च वाचतो.

रंग आणि रक्त

प्लगवरचा थर आपल्या शरीराबद्दलही सांगत असे. पूर्वी पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळले जाई आणि प्लगच्या टोकावर त्याचा थर बसे. तेच शिसे धुरातून रस्त्यावर येई, श्वासातून आणि धुळीतून मुलांच्या रक्तात जाई. शिशाने वाढत्या मेंदूचे नुकसान होते आणि ते सहसा भरून येत नाही. १ फेब्रुवारी २००० पासून भारतभर शिसेविरहित पेट्रोलच मिळू लागले. त्याचबरोबर प्लगवरचा तो थरही गेला.

कोणता प्लग घ्यायचा?

याचे उत्तर दुकानदाराकडे नसते. ते गाडीच्या पुस्तिकेत असते. पुस्तिकेत दिलेला क्रमांकच घ्यावा. जुन्या प्लगवरचा क्रमांक पाहून घेणे ठीक, पण आधीच्या मालकाने किंवा मिस्त्रीने चुकीचा बसवलेला नाही ना, हे पुस्तिकेशी ताडून पाहावे.

क्रमांकात काय दडलेले असते ते एका नेहमीच्या उदाहरणाने समजते. एनजीके कंपनीच्या 'बीपीआर६ईएस' या प्लगमध्ये 'बी' म्हणजे १४ मिलिमीटरचे आटे, 'पी' म्हणजे पुढे आलेले टोक, 'आर' म्हणजे आत बसवलेला रेझिस्टर, '६' हा उष्णता-क्रमांक, 'ई' म्हणजे १९ मिलिमीटर लांबीचा आट्यांचा भाग आणि 'एस' म्हणजे साधा इलेक्ट्रोड. यांतील एकही अक्षर शोभेचे नाही.

लांबी चुकली तर काय होते? जास्त लांब प्लग पिस्टनला किंवा व्हॉल्व्हला ठोकू शकतो. कमी लांबीचा आत लपतो, ठिणगी कोपऱ्यात पडते आणि मोकळ्या आट्यांवर काजळी जमते. 'आर' नसलेला प्लग नव्या गाडीत लावला तर विजेचा गोंगाट रेडिओपर्यंत आणि इंजिनाच्या कॉम्प्युटरपर्यंत जातो.

उष्णता-क्रमांकाचा घोटाळा सर्वांत जास्त होतो. 'गरम' प्लग म्हणजे जास्त जोरदार ठिणगी, असा समज आहे; तो चुकीचा आहे. प्लग टोकावरची उष्णता हेडकडे किती वेगाने सोडतो, एवढेच हा आकडा सांगतो. उष्णता हळू सोडणारा तो गरम, पटकन सोडणारा तो थंड. आणि आकड्यांची भाषा कंपनीगणिक उलटी आहे. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा वाढला की प्लग थंड. बॉशमध्ये आकडा वाढला की प्लग गरम. अनेक जण ज्याला अजून 'मायको प्लग' म्हणतात, तो याच बॉशचा. १९५१ मध्ये बेंगळुरूत स्थापन झालेल्या मायको कंपनीचे नाव २००८ मध्ये बॉश झाले. म्हणून एका कंपनीचा '७' पाहून दुसऱ्या कंपनीचा '७' उचलणे म्हणजे एका गोळीचे मिलिग्रॅम पाहून दुसरी गोळी त्याच मापाने घेण्यासारखे आहे. कंपनी बदलायची असेल तर त्या कंपनीच्या गाडीनिहाय तक्त्यात पाहावे.

निकेल की इरिडियम? साधा निकेल प्लग स्वस्त. त्याचे आयुष्य साधारण ३० हजार किलोमीटरच्या आसपास. इरिडियम किंवा प्लॅटिनमचे टोक फार कठीण, त्यामुळे ते अनेक गाड्यांत ८० हजार ते एक लाख किलोमीटरपर्यंत चालते. जुन्या साध्या इंजिनात इरिडियम लावल्याने गाडी पळू लागेल, ही अपेक्षा ठेवू नये. कंपनीने इरिडियम दिलेल्या गाडीत मात्र पैसे वाचवायला निकेल लावणे चुकीचे.

एलपीजी किंवा सीएनजी किट असलेल्या गाडीत प्लगवर जास्त ताण येतो, कारण गॅसच्या मिश्रणातून ठिणगी उडवायला जास्त दाब लागतो. अशा गाडीत प्लग लवकर तपासावेत आणि फटीबद्दल किटच्या पुस्तिकेतील सूचना पाळावी. गॅस स्वच्छ जळतो, त्यामुळे प्लग फिकट दिसतो. तो पांढरा पाहून लगेच घाबरू नये.

उसाच्या या पट्ट्यात इथेनॉल हा ओळखीचा शब्द आहे. २०२५ मध्ये देशात पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे कार्बोरेटरच्या जुन्या गाडीत मिश्रण थोडे पातळ होते आणि प्लग नेहमीपेक्षा फिकट दिसू शकतो. कॉम्प्युटर असलेली गाडी बऱ्याच अंशी हे सांभाळून घेते. इथेनॉल पाणी ओढते, म्हणून महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत जुने पेट्रोल साठवून ठेवू नये.

फट आणि घट्टपणा

फट मोजायला पातळ पट्ट्यांचे फिलर गेज मिळते. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांत ती साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटर असते, अनेक नव्या गाड्यांत एक मिलिमीटरच्या आसपास. नेमका आकडा पुस्तिकेतला. निकेल प्लगमध्ये बाजूचा इलेक्ट्रोड हलकेच वाकवून फट जुळवता येते. मधल्याला हात लावायचा नाही. इरिडियम प्लगची फट कारखान्यातूनच जुळवून येते. त्याच्या नाजूक टोकाला तारेचा ब्रश, काचकागद किंवा ब्लेड लावू नये. वाळूच्या फवाऱ्याने प्लग साफ करून देणारी यंत्रे काही ठिकाणी अजून आहेत. त्यातला वाळूचा कण प्लगमध्ये अडकून इंजिनात जातो आणि बारीक धूळ रोज श्वासात घेणाऱ्या कामगाराच्या फुप्फुसात कायमची बसते. साधा प्लग एवढा महाग नाही. घाण झालेला बदलावाच.

बसवताना पहिले आटे हातानेच फिरवावेत. प्लगच्या मागच्या टोकाला रबरी नळीचा तुकडा लावला तर खोल खळग्यातही प्लग अलगद बसतो आणि आटे तिरके धरले तर नळी घसरते, त्यामुळे नुकसान टळते. हाताने पूर्ण बसल्यावर वायसरवाला नवा प्लग पान्याने आणखी अर्धा ते दोन तृतीयांश फेरा आवळावा. तोच प्लग परत बसवत असाल तर थोडेसेच, एका फेऱ्याच्या बाराव्या भागाएवढे. वायसर नसलेला, निमुळत्या बैठकीचा प्लग सोळाव्या भागाएवढाच. टॉर्क पाना असेल तर अॅल्युमिनियम हेडमधील १४ मिलिमीटरच्या प्लगला २५ ते ३० न्यूटन-मीटर. 'जोर लावून घट्ट' हा इथे गुण नाही, आटे जातात. सैल राहिलेला प्लगही वाईट, कारण त्याची उष्णता हेडकडे जात नाही आणि तो जळतो.

गाडीचा धूर, घराचा श्वास

मिसफायर होणारी गाडी फक्त पेट्रोल वाया घालवत नाही. न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळते. कन्व्हर्टर इतका तापतो की आतली जाळी वितळू शकते. अशी गाडी वाळलेल्या गवतावर किंवा कडब्याच्या गंजीजवळ उभी केली तर आग लागू शकते.

पेट्रोल अर्धवट जळते तेव्हा कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. बीएस-४ आणि त्यापुढील पेट्रोल कारला पीयूसी चाचणीत उभ्या इंजिनात ०.३ टक्के कार्बन मोनॉक्साइड आणि २०० पीपीएम हायड्रोकार्बन एवढी मर्यादा आहे. ०.३ टक्के म्हणजे दहा लाख भागांत ३०००. जागतिक आरोग्य संघटना एका तासासाठी श्वासातल्या हवेत सुचवते ती मर्यादा सुमारे ३० भागांची. म्हणजे पीयूसीत पास झालेल्या गाडीच्या नळीतला धूरसुद्धा शंभर पटीने जास्त असू शकतो. मोकळ्या अंगणात तो विरतो. पत्र्याच्या शेडमध्ये, शटर ओढून, पावसाळ्यात दार लावून इंजिन चालू ठेवले तर काही मिनिटांत जीवघेणा होतो.

डोके जड होणे, मळमळ, चक्कर, गुंगी ही त्याची लक्षणे. कोविडनंतर घरोघरी बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले. इथे ते फसवते. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले रक्तही त्याला ऑक्सिजनने भरलेले वाटते आणि आकडा ९८ दाखवला जातो. त्यावर विसंबू नये. माणसाला मोकळ्या हवेत आणावे आणि रुग्णालयात न्यावे. साध्या हवेत हा वायू रक्तात निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण एक ते दीड तास. गर्भवती, लहान मुले आणि हृदयाचे रुग्ण यांना धोका अधिक.

दोन चुका आणखी. पहिली, नळीने तोंडाने पेट्रोल ओढणे. एक घोट चुकून श्वासनलिकेत गेला तरी फुप्फुसाला तीव्र सूज येते. असे झाले तर उलटी करवू नये, कारण पेट्रोल पुन्हा घशातून वर येऊन फुप्फुसात जाते. खोकला किंवा धाप असेल तर थेट रुग्णालय गाठावे. दुसरी, पेट्रोलने हात आणि प्लग धुणे. पेट्रोलमध्ये बेंझिन असते. ते रक्ताच्या कर्करोगाशी जोडलेले आहे आणि कातडीतून, वाफेतून शरीरात जाते. हात साबणाने धुवावेत.

वर्षातून दोनदा, दिवसाउजेडी

पावसाळ्याआधी आणि दिवाळीनंतर, थंड इंजिनावर, मोकळ्या अंगणात प्लग काढून पाहावेत. इरिडियम प्लग मात्र वारंवार काढू नयेत. पुस्तिकेत सांगितलेल्या किलोमीटरला किंवा खूण दिसली तरच. वहीच्या एका पानावर तारीख, मीटरवरचा आकडा, चारही प्लगचा रंग आणि बसवलेल्या प्लगचा क्रमांक लिहून ठेवावा. रुग्णाचे जुने कागद पाहिल्याशिवाय डॉक्टरला आजाराची दिशा कळत नाही. गाडीचेही तसेच आहे. मागच्या वेळी फिकट असलेला तिसरा प्लग या वेळी तेलकट दिसला, तर इंजिन बोलू लागले आहे. तेव्हा मिस्त्रीकडे नुसती 'गाडी मिसिंग मारते' अशी तक्रार नेऊ नये. तो प्लग आणि ते पान हातात घेऊन जावे.

जुन्या चार प्लगपैकी चांगले दोन, प्लगचा पाना आणि एक टॉर्च गाडीत ठेवावी. रात्री दोन वाजता सास्तूरहून रुग्ण घेऊन निघायचे असेल, तर गाडी पहिल्या चावीला चालू झाली पाहिजे. त्याची तयारी आदल्या महिन्यातल्या एखाद्या रविवारी सकाळी, अर्ध्या तासात होते.